पंचाची सही

चहा सांगा, पण माझा सांगू नका. का नको, ते ऐका.

बजाजनगरला आमच्या रूमवर रविवारी सगळ्यांनी मिळून पिच्चर पाहिला. हिरो बिचारा इमानदार, खोट्या साक्षीनं तुरुंगात जातो आन् तिथंच चोरी शिकून बाहेर येतो. मग वाद पेटला, हिरो चूक का बरोबर. मी आवाज चढवून म्हणलो, "हिरोला सोडा. खरा हरामखोर तो साक्षीदार. पाहिलं काहीच नाय आन् पैसे घेऊन सांगितलं!"

आमच्या शिफ्टचा नवा फिटर उत्तम कोपऱ्यात बसला होता. चोरीच्या केसमधी दोन वर्षं आत राहून निर्दोष सुटलेला माणूस. मी शहाणपणानं त्यालाच विचारलं, "तू सांग ना, तुला तर अनुभव हाय."

तो म्हणला, "भाऊ, तुम्ही पहिलं क्रांती चौकात दुकानावर होते ना? तवा पोलिसांच्या कागदावर पंच म्हणून सही केली होती का?"

केली होती. हवालदारानं दुकानातून बोलावलं, चहा पाजला, लिहिलेल्या पंचनाम्यावर बोट ठेवलं. माझ्यासमोर कोणाच्या तरी घरात चोरीचा माल सापडला, असं त्यात होतं. मी ना घर पाहिलं, ना माल. त्या माणसाचं नावसुद्धा वाचलं नाय.

"ते घर माझं होतं," उत्तम म्हणला. "चार्जशीटमधी तुमचं नाव रोज वाचायचो. पिच्चरमधल्यानं पैसे तरी घेतले, भाऊ. तुम्ही मला एका चहात आत घातलं."