काढून टाक

निनाद: ...नाही संजू, ऐक तर. ऑइल आत्ताच बदलायला पाहिजे. ठेवून द्यायच्या आधी. परत काढाल तेव्हा बदला म्हणणारे मूर्ख आहेत.

संजना: निनाद, मी आत्ता बाजारातून येतेय. अजून चप्पलसुद्धा काढली नाहीये. कोणाला ठेवून द्यायचंय?

निनाद: मोटरसायकलला गं. उन्हाळा आला ना. आता ऑक्टोबरपर्यंत दुबईत कोण चालवणार? सिग्नलला थांबलं तरी मांड्या भाजतात. थंड देशांत लोक हिवाळ्यात गाडी झाकून ठेवतात, आपलं इथे सगळंच उलटं.

संजना: बरं.

निनाद: वापरलेलं ऑइल तसंच आत राहिलं ना, तर इंजिन खातं आतून. ओल धरतं, ॲसिड होतं. म्हणून आधी एक चक्कर मारून आणायची. ऑइल गरम झालं की सगळी घाण घेऊन खाली येतं. मग नवीन घालायचं आणि निवांत झाकायची.

संजना: तू आहेस कुठे? आवाज घुमतोय.

निनाद: बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. नातूरची परवानगी काढून आलोय. नवीन वॉचमन आहे, बंगाली. "भाई, एक बूँद नहीं गिरेगा" म्हटलं त्याला. शुक्रवारी ऑफिसातून निघाल्यापासून एवढंच काय ते बोललोय कोणाशी. शनिवार-रविवार तोंड उघडतं ते फक्त जेवायला.

संजना: म्हणून नाशिकला फोन करून बायकोला ऑइल शिकवतोयस?

निनाद: वा! तूच तर म्हणालीस.

संजना: मी? काय म्हणाले मी?

निनाद: परवा मी मेसेज केला नव्हता का, गाडी नुसती उभी आहे, ऑइल काळं पडलंय म्हणून? तू लिहिलंस, "मग काढून टाक. यायच्या आधी." म्हटलं, हबीबी, बायको तयार झाली! आधी का नंतर, तेही सांगितलं. फिल्टर आणला, ऑइल आणलं. आत्ता जुनं ट्रेमध्ये पडतंय बघ. डांबर नुसतं.

संजना: निनाद.

निनाद: काय?

संजना: गाडी काढून टाक म्हणाले मी. गाडी. विकून टाक.

निनाद: हं?

संजना: ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. तू तेवढंही न बदलता केलास.

निनाद: मग "विक" लिहायचं ना सरळ.

संजना: आपल्याकडे फ्रिज विकला तरी काढून टाकला म्हणतात. मी आणि सृष्टी दुबईहून कायमच्या निघालो तेव्हा सोफा काढला, डायनिंग टेबल काढलं, माझी कार काढली. तेव्हा तुला बरं कळत होतं. उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस.

निनाद: आईशप्पथ, मला ऑइलच वाटलं.

संजना: वाटलं, की वाटून घेतलंस?

निनाद: तू आधी बस बघू. पाणी पी.

संजना: पाणी राहू दे. जूनमध्ये तू कायमचा परत येतोयस, असं ठरलंय ना आपलं? या महिन्यात राजीनामा देणार होतास. आणि आता ऑक्टोबरची तयारी करतोयस? जो परत येऊन चालवणार असतो, तोच गाडी अशी जपून झाकतो.

निनाद: अगं, देतो म्हटलंय ना. इन्शाल्ला.

संजना: इन्शाल्ला मला नको सांगूस. मीही संसार केलाय तिथे. त्याचे सगळे अर्थ माहितीयेत मला.

सृष्टी: मम्मा, हू इज इट? डॅड? स्पीकरवर टाक ना. हाय डॅड!

निनाद: सृष्टी! कुठे निघालीस बाळा?

सृष्टी: फिजिक्सचा क्लास. यू साउंड सो फार!

निनाद: पार्किंगमध्ये आहे. मोटरसायकलचं ऑइल बदलतोय. हत्ताच्या डोंगरात जाताना तू मागे बसायचीस, आठवतं? मला घट्ट धरून झोपायचीस. मग मी एका हाताने तुझे दोन्ही हात धरून ठेवायचो.

सृष्टी: डॅड, आय वॉज लाइक, एट. लिसन, व्हेन आर यू व्हिजिटिंग? माझ्या टेस्ट्सनंतर ये ना, प्लीज. तू असलास की आय जस्ट कान्ट स्टडी. ओके, लेट होतंय. बाय! लव्ह यू!

निनाद: बाय बेटा.

संजना: गेली. मनात काही नसतं रे तिच्या. तोंडाला येईल ते बोलते.

निनाद: व्हिजिटिंग म्हणाली.

संजना: इंग्लिश आहे ते. लहानपणापासून तसंच बोलते.

निनाद: मराठीत काय म्हणाली असती? "बाबा, कधी येणार?" त्यात बरं असतं. राहायला येणार की भेटायला, ते झाकलेलं असतं. इंग्लिशमध्ये लगेच उघडं पडतं.

संजना: निनाद, तसं नाहीये.

निनाद: संजू, मला भीती वाटते. मागच्या सुट्टीत घरात बसायचं कुठे तेच मला कळत नव्हतं. जिथे बसेन तिथेच तुमच्यापैकी कोणाचं तरी काम निघायचं. साखरेचा डबा सापडेना. गॅसवाला आला तर मला विचारतो, मॅडम नाहीत का घरात? मी म्हटलं, नाहीत, नंतर या. माझ्याच दारात उभा राहून! तुमचं दोघींचं छान बस्तान बसलंय. मी तिथे येऊन करू काय?

संजना: आणि तिथे राहून काय करतोस?

निनाद: काही नाही. पण थंडीत पहाटे गाडी काढली, की हत्ताच्या रस्त्याला लागेपर्यंत वाटतं, आपण कोणाबरोबर तरी निघालोय. तेवढाच वेळ. बाकी आठवडा कसा जातो ते नको विचारूस.

संजना: खरं बोलू? रागावू नकोस.

निनाद: बोल.

संजना: तू आलास की चार दिवस घर भरल्यासारखं वाटतं. मग मी तू जायची वाट बघायला लागते. सगळ्या खोल्यांत दिवे चालू, टीव्ही मोठ्याने, ओला टॉवेल पलंगावर. डोकं उठतं माझं. आणि तुला विमानतळावर सोडून आले, की तेच घर खायला उठतं. तो टॉवेल धुवायला टाकवत नाही मला. हसू नकोस.

निनाद: हसत नाहीये.

संजना: या दोन्हींचा कंटाळा आलाय आता. मला पाहुणा नकोय निनाद, रोजचा माणूस हवाय. रोजच्या माणसाचा राग येतो, येऊ दे. साखरेचा डबा कुठे आहे यावरून भांडू.

निनाद: आणि नाही जमलं तर?

संजना: तर नाही जमणार. पण तिकडे ती गाडी झाकून ठेवलेली असली ना, तर जरा काही झालं की तू ऑक्टोबरची वाट बघशील. तुला जमवावंच लागणार नाही. म्हणून म्हणाले, काढून टाक.

निनाद: थांबली.

संजना: काय?

निनाद: ऑइलची धार. निघालं सगळं.

संजना: मग आता?

निनाद: आता बोल्ट घट्ट करायचा, फिल्टर लावायचा, नवीन ऑइल घालायचं. विकायची असली तरी घालावंच लागतं. कोरडं इंजिन कोणी चालू केलं तर खलास.

संजना: मग घाल की. कोणासाठी घालतोयस ते ऑइल थोडंच विचारणारे?

निनाद: परेश केव्हाचा मागे लागलाय. तो जबल अलीला असतो ना, तो. पण तो गाडी धूत नाही गं. धूळ बसलेली तशीच चालवतो.

संजना: मग नको देऊस त्याला.

निनाद: नाही, म्हणजे... चालवतो तरी. रोज कामावर नेईल. नुसती उभी नाही ठेवणार.

संजना: फोन करशील त्याला?

निनाद: करीन.

संजना: निनाद.

निनाद: करतो. हे झालं की लगेच. आणि उद्या ऑफिसात सांगतो. आता इन्शाल्ला नाही म्हणत. सांगतो.

संजना: बरं. आता बोलू नकोस, सांडशील. मी आहे फोनवर.

निनाद: झालं बघ. एक थेंब सांडला नाही. आता थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे नवीन ऑइल सगळीकडे फिरतं. ऐकायचंय?

संजना: ऐकव.

[इंजिन सुरू होतं. बराच वेळ चालू राहतं.]

संजना: निनाद?

निनाद: आहे.

संजना: फिरलं असेल ना आता सगळीकडे?

निनाद: केव्हाच.

संजना: मग बंद कर. असाच ऐकत राहिलास, तर तुझ्याच्याने काढवायची नाही.