कोसाइन कोणाचा

रत्नागिरी बंदरावर मुंबईच्या आगबोटीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या ट्रंकेवर दोघे होते. मुंबईत गणकयंत्रावर काम करणारे बिवलकरसाहेब आणि त्यांच्या हाताखालचा वजीर.

"साहेब, माझ्या मामूंनी चांदावरून भरती ओळखायचा हिशेब सोडून मी यंत्रावर काढलेला भरती-ओहोटीचा तक्ता मानला. तक्त्यात भरती, खाडीत ओहोटी. त्यांचा मचवा भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूवर आपटून फुटला."

"माणसं?"

"पोहून आली."

"चुकलं कुठे?"

"कोसाइनमध्ये. मी कोन रेडियनमध्ये दिला, आणि कोसाइन काढायची जी तयार रीत घेतली ती अंशांत मागत होती. आपल्याकडे प्रत्येकाने आपापला कोसाइन लिहिलाय. यंत्राला हुकूम द्यायची नवी भाषा ठरतेय ना? तिच्यातच एक घाला. जलद चालेल, सगळ्यांना सारखा."

"आणि जागा? यंत्राच्या स्मृतीत आधीच जागेची मारामार. ज्यांना कोसाइन लागत नाही, त्यांनी का अडचण सोसायची?"

"इथे मचवा गेला आणि तुम्ही जागा मोजताय!"

"हळू बोल. ती रीत वापरण्याआधी तपासली का नाहीस?"

"जाऊ दे साहेब."

"वजीर, मी विचारतोय."

"तुमची होती."

आगबोटीचा भोंगा झाला. माणसं सामान उचलून धक्क्याकडे धावली.

"उद्या भाषेत घातला, तर तोही असाच कोणी तपासणार नाही," साहेब म्हणाले.

"मग मुंबईत काय सांगायचं? घालायचा की नाही?"

"घालायचा. पण दहा जणांनी तपासल्यावर. ती ट्रंक उचल."

"साहेब, धक्का इकडे आहे."

"आधी राजिवड्याला, मामूंच्या घरी चल. त्यांना सांगायचंय, तक्ता तुझा होता, पण कोसाइन माझा."