मागच्या सीटवरचा तांब्या

अभय : ...म्हणून फक्त इथं एक सही, मॅडम. फोटोतली मुलगी तुम्ही आहात आणि तो छापायला तुमची हरकत नाही, एवढंच. मग त्या पानाची छपाई सुरू.

करुणा : मुलगी मीच आहे. पण फोटोखालची ओळ वाचून दाखवता का, मुळे साहेब? आईलाही ऐकू दे.

अभय : "सन २००१. फुलंब्री रस्त्यावर आमच्या पहिल्या गाडीत एक आनंदी ग्राहक कुटुंब."

द्वारकाबाई : गिऱ्हाईक? आमी?

करुणा : हो, आई. आपण.

द्वारकाबाई : अगं, त्या गाडीचं एक चाक घ्यायची ऐपत नव्हती आपली!

अभय : काकू, ते जरा ढोबळ लिहिलंय. कंपनीच्या पहिल्या गाडीला पंचवीस वर्षं झाली, तिच्यावर पुस्तक काढतोय. परदेशातून खोक्यांत सुटे भाग आले तिथपासून सगळा इतिहास. नुसती यंत्रं दाखवून कसं चालेल? माणसांचे चेहरे हवे होते. हा फोटो जुन्या कपाटात सापडला, मागं नावं नव्हती. धोंडिबा म्हणून आमचे एक निवृत्त सुपरवायझर आहेत, त्यांनी तुम्हाला ओळखलं.

करुणा : मग फोटोत तिसरं माणूस होतं, हेही त्यांनी सांगितलं असेल. स्टिअरिंगवर हा मनगटापर्यंतचा हात दिसतोय. कोणाचा आहे?

अभय : तो भाग मांडणीत गेला.

करुणा : कात्री आपोआप चालत नाही.

अभय : ...खरं सांगतो. त्यांच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. ग्राहकाच्या अंगात कामगाराचा शर्ट कसा, असं डिझायनरनं विचारलं. मी म्हटलं, काप.

द्वारकाबाई : तुमीच म्हनलात?

अभय : हो, काकू. ते कोण, मला माहीत नव्हतं.

द्वारकाबाई : काकासाहेब हिवराळे. फिटर. माझे मालक. दीड महिना झाला त्येन्ला जाऊन. त्यो बगा भितीवर, हार घातलाय.

अभय : माफ करा. धोंडिबा फक्त घर कुठं ते बोलले. मला... माफ करा.

करुणा : माफीचं नंतर बघू. बेचाळीसाव्या पानावर काय छापलंय? मी मघाशी चाळलं. "भारतीय रस्त्यांचा सखोल अभ्यास करून तज्ज्ञांच्या चमूने गाडीचा मागचा भाग बावीस मिलिमीटरने उंच केला." असंच ना?

अभय : हो. तो महत्त्वाचा टप्पा होता.

करुणा : त्या चमूतली एक तज्ज्ञ मी. तेव्हा तिसरीत होते.

द्वारकाबाई : आन् दुसरी मी. मी तर चौथीतच शाळा सोडली.

अभय : म्हणजे?

करुणा : म्हणजे ती गाडी आली तेव्हा तिकडच्या रस्त्यांसाठी केलेली होती. तिकडं मालक स्वतः गाडी चालवतो. इथं ती घेणार साहेब, आणि साहेब बसणार मागं. मागं माणसं बसली, डिकी भरली, की प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं बूड घासायचं. परदेशी इंजिनियर म्हणायचे, ड्रायव्हरला चालवता येत नाही. पप्पा म्हणायचे, ड्रायव्हर बदलून बूड वर येत नाही.

द्वारकाबाई : तसंच म्हनायचे. त्या गोऱ्या साहेबाच्या तोंडावर. मराठीतून, म्हनून खपलं.

करुणा : आधी मागच्या सीटवर वाळूच्या गोण्या ठेवून बघितलं. मोजायची यंत्रं लावली. आकडे ठीक यायचे. पप्पा म्हणाले, यंत्राला मळमळत नाही आणि गोणीची पाठ दुखत नाही. मागं जिवंत माणसं बसवा. मग रविवारी आई आणि मी.

द्वारकाबाई : आमी नटूनथटून जायचो. मला वाटायचं, मालक फिरायला नेतेत. चार रविवार तसंच वाटलं, बगा.

अभय : आणि मग कळलं?

द्वारकाबाई : पाचव्याला म्हनलं, आज दौलताबादला चला की, तर म्हनले, नाय, आपल्याला त्याच रस्त्यानं वीस खेपा करायच्यात. लई भांडले मी! मग म्हनलं, बरं, करायचंच तर नीट करू. यंत्र ऱ्हाऊ द्या, माझा तांब्या घ्या. पोरीच्या मांडीवर काठोकाठ भरून ठेवा. जिकडं सांडंल तिकडं खोट.

अभय : तांब्या तुमचा?

द्वारकाबाई : माज्या माहेरचा. वैजापूरचा. फुलंब्रीच्या रस्त्यानं गाडीची परीक्षा घेतली त्यानं.

करुणा : मी तो दोन्ही हातांनी धरायचे. हिसका बसला की ओरडायचे, "पप्पा, डावीकडे!" नाही तर "पप्पा, उजवीकडे!" ते लगेच गाडी बाजूला घेऊन थांबायचे. मागं वळून माझा फ्रॉक किती भिजला ते बघायचे आणि लिहून घ्यायचे. सोमवारी शेडमध्ये स्प्रिंगखाली चकत्या घालायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तांब्या. असं दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत.

अभय : हे कुठंच नोंदलेलं नाही, मॅडम.

द्वारकाबाई : आन् आमी उतरलो की साहेब लोक सीट पुसायला लावायचे. माझ्या मालकान्लाच.

अभय : पाणी सांडायचं म्हणून असेल, काकू.

द्वारकाबाई : शेवटच्या रविवारी येक थेंब सांडला नव्हता. तवाबी पुसायला लावली.

करुणा : आता सांगा. कुठंच नोंद नाही, असं म्हणालात. नक्की?

अभय : एक कागद आहे. तुमच्यापासून लपवत नाही. फोटोसोबतच मिळाला. हस्ताक्षर त्यांचंच असावं. "लोड : वाळूच्या गोण्या दोन डिकीत, बाई एक, मुलगी एक."

करुणा : गोण्यांच्या खाली आम्ही.

अभय : तारखा आहेत, स्प्रिंगचे आकडे आहेत. शेवटी बावीस मिलिमीटर. खाली मोठ्या साहेबांची सही.

करुणा : मग अडचण काय आहे? पूर्ण फोटो छापा. तिघांची नावं घाला. काय करत होतो ते लिहा.

अभय : लीगलवाले ऐकायचे नाहीत. चाचणीच्या गाडीत बाहेरचं माणूस बसवायला तेव्हाही बंदी होती. त्यात लहान मूल. हे छापलं, तर हिवराळेंनी नियम मोडला असं होईल. त्यांच्याच नावाला...

करुणा : थांबा. रविवारी गेट कोण उघडायचं? चावी कोणाच्या टेबलावरून यायची? सही कोणाची आहे, तुम्हीच सांगितलंत. गाडी सुधारली तेव्हा तुमचे साहेब होते, आणि नियम मोडला तेव्हा हिवराळे?

अभय : मी तसं म्हणत नाही, मॅडम.

करुणा : तुमचं पुस्तक म्हणतंय. गुळगुळीत कागदावर. ज्या माणसानं ती गाडी हातानं जोडली, त्याचा हात तेवढा ठेवलात. तोही कापायला जमलं नाही म्हणून.

द्वारकाबाई : करुणा. हळू.

करुणा : हळूच बोलतेय, आई. दीड महिना हळूच बोलतेय. पप्पांच्या पुण्यानुमोदनाला कंपनीतून एक माणूस आला नाही. आज आले, ते सही घ्यायला.

द्वारकाबाई : त्यो पुरा फोटो... तुमच्यापाशी हाय का, साहेब? आमाला कुनी कधी दिलाच न्हाई.

अभय : मोबाइलमध्ये आहे. हा घ्या, काकू. असं बोटांनी मोठा करा.

द्वारकाबाई : ...अगं बया.

करुणा : काय, आई?

द्वारकाबाई : हसतेत. दात दिसतेत. भितीवरचा बग, ओळखपत्राचा हाय, कसे डोळे वटारून बसलेत. आयुष्यात येक हसरा फोटो निघाला, आन् नेमका त्योच कापला.

अभय : काकू, मी आत्ता पाठवतो तुम्हाला. मॅडम, नंबर सांगा.

करुणा : पाठवा. पण सही त्यावर मिळणार नाही.

अभय : काय लिहू? तुम्हीच सांगा. मी लिहून घेतो.

करुणा : लिहा. "काकासाहेब हिवराळे, फिटर, पत्नी द्वारकाबाई आणि मुलगी करुणा. मागची स्प्रिंग ठरवताना."

अभय : एवढंच?

करुणा : एवढंच घडलं होतं. आणि बेचाळीसाव्या पानावरचे तज्ज्ञ काढून टाका.

अभय : साहेब खोडतील.

करुणा : खोडू देत. माझी सही मात्र त्यांना खोडता येणार नाही. ती मी अजून केलेलीच नाही.

द्वारकाबाई : साहेब, दारात उभी हाय ती तीच गाडी ना? त्याच रंगाची?

अभय : तीच, काकू. पहिल्या खेपेतली, कंपनीनं जपून ठेवलीय. खरं तर... पंचवीस वर्षांनी त्याच सीटवर तेच कुटुंब, असा नवा फोटो काढायचा विचार होता. आता ते बोलायलाही लाज वाटते.

द्वारकाबाई : फोटो नको. चक्कर मारा. साहेबान्ला काय सांगायचं त्ये तुमाला नुसतं ऐकून नाय जमायचं. करुणा, फळीवरला तांब्या काढ.

करुणा : आई, राहू दे ना.

द्वारकाबाई : काढ. काठोकाठ भर.

(तिघं गाडीत. अभय चालवतो आहे. करुणा मागं डावीकडे बसली आहे, तिच्या मांडीवर तांब्या, शेजारी द्वारकाबाई. पडेगावचा रस्ता.)

अभय : सीट बरोबर आहे ना, काकू?

द्वारकाबाई : मऊ हाय. तवाबी मऊच होती. साहेबाच्या जागेवर फिटरची बायको बसलीय, म्हनून शेडमधले हसायचे. हे म्हनायचे, हसू दे, तिची पाठ दुखली नाय तर साहेबाची काय बिशाद.

अभय : पुढं शाळा आहे. तिथं स्पीडब्रेकर येतोय.

द्वारकाबाई : वीसच्या वेगानं घ्या. ब्रेकवर पाय नाय ठेवायचा. पाय ठेवला तर परीक्षा बाद.

अभय : मॅडम, धरलंय ना नीट?

करुणा : धरलंय.

अभय : मी तो कागद पुस्तकात घालतो. जसाच्या तसा, सहीसकट. मग त्यांना जे करायचं ते करू देत... आला. वीस.

करुणा : पप्पा, डावीकडे!

अभय : काय म्हणालात? मॅडम, साडी भिजली का?

द्वारकाबाई : डाव्या अंगाला सांडलं. स्प्रिंग बसली असंल, वय झालं तिचंबी. गाडी बाजूला घ्या, साहेब.

अभय : इथंच? मागून रिक्षा येतायत, काकू.

द्वारकाबाई : येऊ द्या. हे थांबायचे.