तीन पायांचं भांडं

(बेळगावजवळच्या कंग्राळीतलं घर. मुंबईच्या एका संग्रहालयात धातूच्या जुन्या वस्तूंची देखभाल करणारी पारमिता सकाळीच आली आहे. समोर वडील सत्याप्पा आणि आई अंजना.)

सत्याप्पा : म्हंजे ती ठिगळं न्हवतीच म्हन की.

पारमिता : नव्हतीच, आप्पा. फोटो बघून तुम्ही म्हणालात तेच निघालं.

अंजना : मला नीट सांग गं. कसलं भांडं?

पारमिता : चीनचं, ब्राँझचं. तीन पाय, दोन कान. तीन हजार वर्षांपूर्वी त्यात पूर्वजांना नैवेद्य दाखवायचे. एका शेटनं जन्मभर अशी भांडी जमवली आणि शेवटी आमच्याकडं दिली. हे एकच सगळ्यांनी नकली ठरवून गोदामात टाकलं होतं.

अंजना : का बरं?

पारमिता : अंगात बारके चौकोनी तुकडे दिसतात. म्हणाले, जुनं भासवायला ठिगळं लावून सांधलंय.

सत्याप्पा : सांधल्यालं आसं सारक्या अंतरावं आसतंय व्हय? ती चॅपलेटं. बाहीरचा साचा आन् आतला गाभा एकमेकाला टेकू नयेत म्हनून मधी तुकडं ठेवायचं, मग धातूचा रस वतायचा. तुकडं तितंच ऱ्हात्यात. उद्यमबागंच्या फौंड्रीत एकतीस वर्सं साचं करनारा मोल्डर हुतो, दुसरं काय केलं मी?

पारमिता : मीटिंगमध्ये मी हेच सांगितलं. साहेब म्हणाले, हे कुणाचं मत? म्हटलं, माझ्या वडिलांचं. कुठल्या विद्यापीठात असतात? म्हटलं, फौंड्रीत होते.

अंजना : हसलं आसतील.

पारमिता : हसले. पण एक्स-रे काढल्याशिवाय मी खाली बसणार नव्हते. तुकडे ओततानाच बसलेले दिसले. गंजाखाली अक्षरंही निघाली. सगळं शांघायच्या एका तज्ज्ञ बाईंना पाठवलं. परवा उत्तर आलं, भांडं अस्सल आहे.

सत्याप्पा : अक्षरं कसली?

पारमिता : कुणीतरी आपल्या वडिलांसाठी ते करवून घेतलंय. त्याचं नाव आहे.

सत्याप्पा : आन् वतनाऱ्याचं?

पारमिता : नाही.

सत्याप्पा : नसतंयच. आमी वतल्याल्या पंपावर तरी कुटं हुतं.

पारमिता : पुढच्या महिन्यात ते काचेच्या कपाटात मांडतायत. खालची पाटी मी लिहिलीय. साहेबांनी सही केली.

अंजना : वाच की मोट्यानं.

पारमिता : ‘हे तुकडे मूळ ओतकामाचेच आहेत, हे प्रथम ओळखले सत्याप्पा भरमू कोलकार, मोल्डर, बेळगाव यांनी.’

अंजना : आवं, तुमचं नाव लागतंय तितं.

सत्याप्पा : मोल्डर लिवलंय न्हवं?

पारमिता : मुद्दाम लिहिलंय.

सत्याप्पा : मग ऱ्हाऊ दे.