रोमानियाच्या व्याकरणाले मेहकरची डबल बेल

...अन् मी म्हनतो, नियम करायचाच होता तं पाळायचा होता ना बावा! पाळायचा नसन तं केला कायले? अडीचशे पानायचं पुस्तक, वरतं लिहेल 'प्रगत विद्यार्थ्यांसाठी', अन् आत पाहा तं हरेक धड्याच्या डोक्यावर दोन ओळीचा नियम, अन् खाली त्या नियमाले न जुमाननाऱ्यायची दीड पानाची यादी! अशी गाडी चालते का कुठं? उद्या मी म्हनलो असतो, ही बस जानेफळले थांबते, फक्त सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार सोडून... तं पब्लिकनं मलेच खाली उतरवलं असतं! पन पुस्तकाले कोन उतरवते? पुस्तक आपलं मजेत म्हनते, नियम हाये, पन इथं लागू नाही!

या, या, दारात उभे राहू नका, मधात लय जागा हाये, पुढं सरका... सवय हो, दुसरं काय! मी भाऊराव. मेहकर डेपोले तीस वर्षं कंडक्टर होतो. रिटायर झालो तं डेपोतल्या पोरायनं काय देलं? सारे शाल-नारळ देतेत, मले भंगारात निघालेल्या गाडीची घंटी देली, दोरीसकट! म्या ती सैपाकघराच्या दारावर ठोकली. एक घंटी म्हनजे थांबा अन् दोन घंट्या म्हनजे चला, हे साऱ्या महाराष्ट्राले माहीत हाये, फक्त बनाबाईले सोडून. बनाबाई म्हनजे आमची मालकीन. पयल्याच दिवशी म्या चहासाठी एक घंटी वाजवली, तं आतून आवाज आला, "इथं थांबा नाही! पुढच्या स्टॉपवर उतरा!"

तं सांगून काय राह्यलो होतो... हाव, रोमानिया! आमची पोरगी धम्मशीला चार वर्षं झाले तिकडं हाये. शिकेल पक्की नर्स, पन तिथं म्हाताऱ्या लोकायच्या आश्रमात मदतनीस म्हनून लागली. चादरी बदलवा, जेवू घाला, पुसा, धुवा. नर्सचं काम पाह्यजे तं त्यायच्या भाषेची वरची परीक्षा पास व्हा म्हने. बरोबर हाये ना, दुखनं सांगनारा म्हातारा काही इंग्रजीत कन्हत नाही! लेखी परीक्षा पोरीनं फटक्यात काढली. पन तोंडीत दोनदा नापास. आता ही तिसरी खेप अन् शेवटची, नाही तं जन्मभर चादरी. म्हनून दोन महिन्याची सुट्टी काढून घरी आली, परीक्षा इथूनच कॉम्प्युटरवर द्याची, अन् पाठांतर घ्याले कोन? रिकामा कोन हाये घरात? बाप!

मले तं अक्षर समजे ना, मंग तिनं सारे शब्द देवनागरीत लिहून देले. पयलाच शब्द निघाला अंड्याचा. अंडं म्हनजे 'ओउ', लय अंडे म्हनजे 'ओवा'. म्या म्हनलं, चला, सोपं हाये. तं पोरगी म्हनते, "बाबा, याच्यात गंमत हाये. एक अंडं असलं तं तो पुरुष, अन् दोन झाले की त्या बाया." आता मी पडलो कंडक्टर, माह्या डोक्यात पयले काय आलं असन? म्हनलं, "म्हनजे एकटं चढलं तं फुल तिकीट, अन् दोघं चढले की महिला सन्मान, अर्धं तिकीट?" धम्मा हासली, म्हने, "बाबा, अंड्यायचंच नाही, हजारो शब्द असेच हायेत." हजारो! मशीन बंद पडलं असतं ना आमचं!

मंग निघाली नातेवाईकायची गाडी. बहीन म्हनजे 'सोरा', तं बहिनी 'सुरोर'. सून म्हनजे 'नोरा', तं सुना... म्या वाचलं 'नोरोर', तं सैपाकघरातून भाकर थापता थापता बनाबाई म्हनते, "नुरोर हो, नुरोर! काल पोरीनं चारदा सांगतलं. अन् सून पुस्तकाच्या नियमानं चालत नाही याच्यात नवल काय? पुस्तक लिहिनाऱ्याच्या घरी सासू असन!" तुम्हाले सांगतो, चौथी शिकेल बाई, अन् मले रोमानियाचं अनेकवचन शिकवते! म्या म्हनलं, "तू भाकरीकडं पाहाय." भाकर मातर करपली नाही तिची, हे मान्य कराच लागते.

अन् क्रियापदं? हासाव का रडाव? घेनं हे साधं क्रियापद. 'मी घेतो' म्हनजे 'याऊ'. बरं, 'आमी घेतो'? 'लुअम'! आता मले सांगा, हे दोन्ही एकाच मायचे लेकरं वाटतेत का? एकाचं नाक नाही मिळत दुसऱ्याले! म्या म्हनलं, "पोरी, दुसऱ्या गाडीचा पॅसेंजर या गाडीत बसला हा." तं म्हनते, "नाही बाबा, त्याच गाडीचा हाये. नियम हाये, पन इथं लागू नाही." 

तरी पोरगी हुशार, सारं पाठ! मंग दोनदा नापास काऊन झाली? थेच तं मी शोधून राह्यलो होतो. म्या शिकवनीचा कायदा केला, चूक झाली की एक घंटी. टिंग! थांबा. पुन्हा पयल्यापासून. टिंग! थांबा. आठ दिवस झाले, तं काय झालं? पोरगी चूक करेच ना... कारन बोलेच ना! अवघड शब्द समोर दिसला की गप. इंजन चालू, डिझेल फुल, लाइट लागेल, अन् गाडी रस्त्याच्या मधात उभी! परीक्षेत बी हेच झालतं म्हने. समोरच्या बाईनं दोन मिनिटं वाट पाह्यली, अन् केलं नापास!

एक दिवस टिंग केलं, तं धम्मा पुस्तक मिटवून उठली अन् अंगनात जाऊन बसली. बनाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मले वाटलं आता मले भेटते प्रसाद. पन ती शांत आवाजात बोलली, अन् थे जास्त लागते, अनुभव असन तुम्हाले. म्हनते, "आपलं 'जातो'चं 'गेला' होते, 'करतो'चं 'केलं' होते. हे धम्मा कोनत्या पुस्तकात शिकली? दोन वर्षांची होती तवा तुमी ड्युटीवर निघाले की म्हने, 'बाबा बसमंदी जाला!' तवा वाजवली का तुमी घंटी? तुमी तं तिले खांद्यावर घेऊन साऱ्या गल्लीत ऐकवत फिरले, माही पोरगी बोलाले लागली म्हनून. 'जाला, जाला' करत करत आपोआप 'गेला' म्हनाले लागली पोरगी. तवा चालू द्या म्हने बाप, अन् आता थांबवून राह्यला!"

तीस वर्षं गाडी सोडायचं काम केलं म्या, अन् घरच्या पोरीची गाडी अडवून बसलो होतो! त्या दिवसापासून एक घंटी बंद. ती अडकली की फक्त डबल. टिंग टिंग! चुकलं असन नसन, चालू द्या, पुढचं पुढच्या स्टॉपवर पाहू! अन् काय सांगू तुम्हाले, पोरगी सुटली ना! पयले चुकीचं बोले, मंग स्वतःच हासून सुधारे, मंग बरोबरच बोले. चक्कीवाल्याले रोमानियन बोले, बकरीले रोमानियन बोले. बकरी बी मान हालवे, तिले काय नियम अन् काय अपवाद!

आला परीक्षेचा दिवस. दुपारचे दोन. कॉम्प्युटरमधल्या बाईनं पयले कॅमेऱ्यातून सारी खोली फिरवून पाह्यली, बाबासाहेबायचा फोटो, पुस्तकायचं कपाट, पलंगाखालचं बी पाह्यलं! नियम असा की खोलीत दुसरं कोनी नको, बाहेरून आवाज नको. आवाज आला की परीक्षा रद्द. माह्या जुन्या गाडीचा ड्रायव्हर शंकरराव, त्याले म्या दरवाज्याबाहेर खुर्ची टाकून बसवलं, गल्लीतून भंगारवाला आला तं अडवाले. मी अन् बनाबाई सैपाकघरात. दार लावेल. बनाबाई म्हने, "दोरीपासून लांब बसा." म्या म्हनलं, "हाव, मले समजत नाही का?" 

वीस मिनिटं गाडी अशी चालली जशी नव्या रस्त्यावर! आपल्याले समजत काही नव्हतं, पन आवाजातून समजते ना, गाडी कोनत्या गिअरमंदी हाये थे. अन् मंग बाईनं काही तरी इचारलं, अन् धम्मा... गप. म्या म्हनलं, इचार करून राह्यली असन. गप. बनाबाईनं माह्याकडं पाह्यलं, म्या तिच्याकडं पाह्यलं. गप! चार वर्षं चादरी बदलवल्या पोरीनं, अन् आता अजून किती? तुम्हाले शपथेवर सांगतो, म्या काही केलं नाही, माह्या हातानं केलं! हा हात तीस वर्षं एकच काम शिकेल हाये, गाडी उभी दिसली की...

टिंग टिंग!

अन् बाहेर शंकरराव, खुर्चीत डोळा लागेल त्याचा, घंटी ऐकल्याबरोबर पाय दाबला अन् वरडला, "चाललो भाऊ!"

संपलं! बनाबाईनं कपाळाले हात लावला. आतून त्या बाईचा आवाज, असा कडक, चेकर चढल्यावानी! भाषा समजाची गरजच नव्हती: हा आवाज कशाचा? घरात कोन हाये? तो दुसरा कोन वरडला? परीक्षा बंद! मले वाटलं जमीन फाटाव अन् मी खाली जाव. पोरीच्या जन्माचं काम, अन् सख्ख्या बापानं रद्द केलं!

अन् मंग धम्मा बोलाले लागली. अशी बोलाले लागली की श्वास घ्याले थांबे ना! मले त्यातले यादीवाले शब्द तेवढे वळखू येत. 'ताता', म्हनजे बाप. 'काप', म्हनजे डोकं. 'मुना', म्हनजे हात. 'वामेन', म्हनजे मानसं, एकटा असला तं 'ओम'. म्या हळूच म्हनलं, "बनाबाई, ती सांगून राह्यली की माह्या बापाचं डोकं फिरेल हाये, हात जाग्यावर राहत नाही, मानसं बोलवा." बनाबाईनं तोंडावर बोट ठेवलं. दाराले कान लावला. म्हनते, "नाही हो. ती म्हनते, माह्या बापानं तीस वर्षं मानसं पोचवले. त्याच्या डोक्यात माहेच शब्द हायेत. मी अडकली की त्याचा हात सोताहून घंटीवर जाते. ती घंटी मले उत्तर सांगत नाही, फक्त चाल म्हनते."

म्या म्हनलं, "तुले काय समजते त्याच्यातलं? काही बी सांगतं!" पन डोळ्यात पानी आलं, खोटं काऊन सांगू!

तेवढ्यात दार उघडलं. धम्मा म्हने, "बाबा, बाईनं बोलावलं. शंकरकाकाले बी." गेलो दोघं, गुन्हेगारावानी. कॉम्प्युटरमंदी पांढऱ्या केसाची म्हातारी बाई, चष्मा नाकावर. काही तरी इचारलं तिनं. मले काय समजनार? म्या हात जोडून जयभीम घातला, अन् जवळ होतं थे सारं एका दमात देऊन टाकलं, "ओम वामेन, सोरा सुरोर, नोरा नुरोर, ओउ ओवा, पुढं सरका!" 

बाई हासली हो! अशी हासली की चष्मा काढून डोळे पुसले. मंग सावकाश बोलली, अन् धम्मानं सांगतलं, "बाबा, त्या म्हनतेत, आवाज आला की परीक्षा रद्द, असा नियम हाये. पन तो नियम उत्तर पुरवनाऱ्यायसाठी हाये. इथं लागू नाही. त्या म्हनतेत, ज्या शब्दायवर मले अडकवायचं होतं, थे सारे मी आता भांडता भांडता वापरून टाकले!" दोन महिने ज्या वाक्याले शिव्या देल्या, नियम हाये पन इथं लागू नाही, थेच वाक्य त्या दिवशी इतकं गोड लागलं म्हनता!

अन् मंग त्या बाईनं माह्याकडं पाहून दोन बोटं वर केले. मी पळत गेलो सैपाकघरात. टिंग टिंग! परीक्षा पुढं चालू.

पास झाली ना! तीन आठवड्यानं निकाल आला. आता ती नर्स हाये, छातीवर नावाचा बिल्ला, म्हातारे लोकं तिलेच आवाज देतेत म्हने. साऱ्या गल्लीत म्या पेढे वाटले, बकरीले बी देला एक.

आता दर इतवारी फोन येते. मी आपला पयले खुर्ची घेऊन बसतो, पन फोन घेते बनाबाई. अन् काय बोलते माहीत हाये? रोमानियन! भाकर थापता थापता नुसतं ऐकून शिकली बाई! त्या दिवशी दारामागं जे सांगतलं थे शब्द न् शब्द खरं होतं, धम्मानं सोता सांगतलं मले. आता दोघी मायलेकी खिदळतेत, मधात 'ताता' ऐकू येते, म्हनजे बोलनं माह्यावरच चालू हाये, पन काय थे समजत नाही! म्या मधात तोंड घातलं की बनाबाई हात वर करून दोरी ओढते. एकदाच. टिंग!

आता सांगा, पुस्तक म्या धरलं, यादी म्या वाचली, घंटी म्या वाजवली, घसा म्या फोडला. शिकवनाऱ्याले सगळ्यात अगोदर येते, असा जगाचा नियम हाये म्हनतेत. हाये ना, नियम हाये... पन इथं लागू नाही!