कंत्राटींचा अभ्यासगट

प्राध्यापक परिषदेच्या अधिवेशनातली चहाची रांग. माझ्यापुढे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि त्यांच्याच महाविद्यालयातल्या एक कंत्राटी प्राध्यापिका.

“अभिनंदन, मॅडम! कंत्राटी प्राध्यापकांवरचा तुमचा अभ्यासगट परिषदेनं मंजूर केला.”

“खरंच, सर? प्रस्तावासाठी मुलाखती जिन्यात बसून घेतल्या हो मी. स्टाफरूममध्ये आम्हाला खुर्ची कुठे असते!”

“निमंत्रक मी आहे.”

“तुम्ही? पण तुमचा विषय तर प्राचीन नाणी.”

“म्हणूनच! तटस्थ माणूस हवा, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंसुद्धा.”

“आणि गटाच्या समितीत कंत्राटी कोण आहे?”

“कोणीच नाही. समितीवर कायम नोकरीतलेच घ्यायचे, असा नियम आहे आपला.”

“वा! म्हणजे भूक कशी असते ते जेवून उठलेले ठरवणार.”

“छान वाक्य आहे. भाषणात घ्या.”

“कुठल्या भाषणात?”

“उद्घाटनाच्या. भाषण माझंच आहे, पण लिहायचंय तुम्ही.”

“आणि गटात मी कोण, सर?”

“असं काय विचारता, मॅडम! तुमच्याशिवाय गट चालेल का? मग आम्ही अभ्यास कोणाचा करायचा?”