डाव्या खांद्याची वीण

धाकटी : दार वाजवू नकोस, ताई. आतून कडी आहे.

थोरली : कडी आहे ते दिसतंय मला. का लावली ते सांग.

धाकटी : पिशवी तरी खाली ठेव. आठवडाभर लेकीकडे राहून आलीस, आल्या आल्या माझी उलटतपासणी.

थोरली : बाबांना तुझ्यावर सोपवून गेले होते. आल्यावर दार बंद दिसलं तर विचारायचं कुणाला, भिंतीला?

धाकटी : जेवले, हात धुतले. म्हणाले, तो स्वेटर आण, संध्याकाळी घालायचाय, एकदा घालून बघतो. मी घालून दिला. आरशासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, बाहेर जा. एवढंच. तेव्हापासून आत आहेत.

थोरली : पाच वाजता शाळेची गाडी येणार आहे.

धाकटी : माहीत आहे मला.

थोरली : दोन वर्षांनी उंबरठा ओलांडणार होते. सगळे जुने विद्यार्थी जमतायत, ड्रिलमास्तरांना बघायला. काल फोनवर बाबा मला विचारत होते, बूट पॉलिश करून ठेवलेत का. आणि आज कडी लावून बसलेत. काय बोललीस तू त्यांना?

धाकटी : काही नाही बोलले. उलट म्हटलं, बाबा, छान बसतोय.

थोरली : मी विणलेलाच दिलास ना?

धाकटी : तुझाच. म्हणजे, थोडा नीट केलाय मी.

थोरली : नीट केलाय म्हणजे?

धाकटी : असं बघू नकोस माझ्याकडे. डावा खांदा आणि डावी बाही उसवली आणि पुन्हा विणली. छातीवरच्या पट्ट्यापासून वरचं सगळं. रोज दुपारी ते झोपले की बसायचे. मान मोडून आली माझी.

थोरली : उसवलीस.

धाकटी : अगं, हँगरला लावून बघितला असतास तर तुलाही कळलं असतं. डावी बाही आखूड, पट्टा तिरका, खांद्याला आतून दुहेरी वीण, गाठ आल्यासारखी. मला वाटलं, बाबांचं करता करता तुझं लक्ष उडालं असेल. तू तर कधी नमुना समोर ठेवत नाहीस, कागदावर काही लिहीत नाहीस. मग मी उजवी बाजू मोजली, आलेखाच्या कागदावर आखून घेतली आणि तश्शीच डावी केली. एवढ्या लोकांत तुझं हसू होऊ नये म्हणून.

थोरली : माझं हसू.

धाकटी : हो, तुझं. तुझ्यासाठीच केलं मी.

थोरली : हँगरचे दोन्ही खांदे सारखे असतात, चिमे. बाबांचे आहेत का?

धाकटी : म्हणजे?

थोरली : म्हणजे काय म्हणजे? आठवडाभर त्यांच्या ताटासमोर ताट मांडून जेवलीस. कधी मान वर करून बघितलंस त्यांच्याकडे? झटका आल्यापासून डावा खांदा किती उतरलाय, हात किती वाळलाय, दिसलं नाही तुला?

धाकटी : ते सारखी शाल घेऊन बसतात.

थोरली : शाल काढता येते. तू कागद बघितलास, आलेख बघितलास, उजवी बाजू मोजलीस. ज्याच्या अंगात घालायचा तो माणूस तेवढा बघायचा राहिला.

धाकटी : नाही बघवत मला. झालं समाधान? घास घेताना तोंडाची एक बाजू हलत नाही, मी ताटाकडे बघते. तुला काय वाटतं, तुझं काळीज तेवढं काळीज आणि आमचा दगड?

थोरली : मी असं म्हटलं नाही.

धाकटी : दोन वर्षं तेच म्हणतेयस. तोंडाने नसेल. मी चहा केला तर तू बेसिनमध्ये ओतलास, बाबांना असा लागत नाही म्हणून. कसा लागतो विचारलं तर म्हणे, बघ, कळेल. गोळ्या तुझ्या डोक्यात, पथ्य तुझ्या डोक्यात, त्यांना कसं उठवायचं, कुठल्या कुशीवर निजवायचं, सगळं तुझ्या डोक्यात. तुझ्या विणकामासारखं. दुसऱ्याने हात लावला की चुकणारच, कारण काय बरोबर ते फक्त तुला ठाऊक. उद्या तू आजारी पडलीस तर या माणसाचं काय करायचं मी? कुणाला विचारू?

थोरली : येऊन राहिली असतीस तर शिकली असतीस.

धाकटी : आले की पाहुणी करून बसवतेस. हे घे, ते खा, तू दमली असशील. भाजीसुद्धा चिरू देत नाहीस.

थोरली : तू चिरलेली भाजी शिजत नाही, म्हणून. एवढाले तुकडे.

धाकटी : बघ. हेच म्हणत होते मी.

थोरली : आत्ता भाजी राहू दे. तो स्वेटर मी अंगावर लावून विणलाय. बाबा खुर्चीत बसायचे आणि मी मागे उभी. जरा विणलं की पाठीला लावून बघायचं, पुन्हा विणायचं. खांदा जितका खाली गेलाय तितकी वीण आतून दुहेरी करून वर चढवली. हात बारीक झालाय, तितकी बाही बारीक केली, आखूड केली, नाहीतर घसरते. कुठल्या कागदावर आखणार होते मी हे? घातल्यावर पट्टा एकदम सरळ दिसायचा. दोन्ही खांदे एका पातळीत.

धाकटी : हे तू मला एका वाक्यात सांगू शकली असतीस. जाताना, दारात.

थोरली : सांगण्यासारखं नव्हतं.

धाकटी : का नव्हतं?

थोरली : नव्हतं. सोड.

धाकटी : नाही सोडत. माझी मान मोडली, तू मला आंधळी ठरवलंस, आता सांगच. का नव्हतं सांगण्यासारखं?

थोरली : हळू बोल.

धाकटी : हळूच बोलतेय.

थोरली : पहिल्यांदा घातला ना, तेव्हा आरशात बघून म्हणाले, खांदा वर आलाय गं, व्यायामाचा गुण दिसतोय. त्याच दिवशी शाळेचं पुन्हा आमंत्रण आलं होतं. त्या आधी दोनदा नाही म्हणाले होते. त्या दिवशी हो म्हणाले.

धाकटी : आणि तू काय म्हणालीस?

थोरली : मी काय म्हणणार? म्हटलं, हो, दिसतोय.

धाकटी : म्हणजे त्यांना माहीतच नाही? त्यांना वाटतंय की ते बरे होतायत? ताई, आणि आज मी तो सरळ केलेला घालून त्यांना आरशासमोर—

थोरली : हळू म्हटलं ना.

(कडी निघते. वडील दारात उभे आहेत. अंगात स्वेटर, उजवा हात चौकटीवर, डावा बाहीत पूर्ण बुडालेला.)

वडील : कान शाबूत आहेत माझे.

धाकटी : बाबा, बसा आधी. चुकलं माझं.

वडील : तू थांब. तुझं नंतर. आत मी काय करत होतो, माहिती आहे? जीभ बाहेर काढून बघत होतो. वाकडी झालीय का. बोटं मोजत होतो, आठवतात का. मला वाटलं, दुसरा झटका आला. गेल्या आठवड्यात खांदा सरळ होता आणि आज हा असा. आठवडाभरात.

थोरली : बाबा.

वडील : तुम्हाला सांगायचा धीर होईना. म्हणून कडी. आणि तुम्ही बाहेर लोकरीवरून भांडताय.

थोरली : मला वाटलं नव्हतं असं होईल.

वडील : रोज सकाळी भिंतीशी उभा राहतो. खांदा वर, खाली. तू शेजारी उभी राहून आकडे मोजतेस. फरक पडला?

थोरली : पाणी आणू?

वडील : विचारलेलं सांग.

थोरली : नाही पडला.

वडील : कधीपासून माहीत आहे?

थोरली : डॉक्टर सुरुवातीलाच म्हणाले होते. आता आहे तेवढंच राहील म्हणून.

वडील : आणि तू मोजत राहिलीस.

थोरली : तुम्ही मोजत होतात म्हणून मोजत राहिले. हो, फसवलं मी. काय करायला हवं होतं? पडदा ओढून बसायचात. गल्लीतलं कुणी आलं तर झोपेचं सोंग घ्यायचात. मला जे येतं ते केलं मी. तुम्ही बाहेर पडणार असाल तर पुन्हा फसवीन, राग आला तरी.

वडील : हे अंग माझं आहे.

थोरली : आणि धुणारी मी आहे.

धाकटी : ताई.

वडील : बोलू दे तिला. खरं आहे. धुतेस, पुसतेस, निजवतेस, सगळं करतेस. पण ते कसं आहे हे मला आधी कळलं पाहिजे. तुला कळून, तिला कळून, आरशाला कळून, मग मला, असं नाही चालायचं. मी काही तुझ्या सुईवरचा टाका नाही, हवा तिथे घट्ट, हवा तिथे सैल.

थोरली : ठीक आहे. माझंच चुकलं. सगळ्यांचं सगळं बरोबर, माझं तेवढं चूक.

वडील : रड नंतर. किती वाजले?

धाकटी : चार होत आले. मी शाळेत कळवते, येत नाही म्हणून. तब्येतीचं सांगते.

वडील : तुला कुणी सांगितलं येत नाही म्हणून?

धाकटी : पण तुम्ही तर...

वडील : जाणार आहे. हाच घालून.

थोरली : हा? बाबा, हा नको. त्यापेक्षा कोट काढते. ह्यात पट्टा केवढा तिरका दिसतोय.

वडील : पट्टा सरळ आहे. पोरीने मोजून विणलाय. तिरका मी आहे. पोरांनी बघितलं तर बघू दे, त्यासाठीच बोलावलंय. पण ही बाही नको. हात आत गडप झालाय. लपवल्यासारखा.

धाकटी : मी करते. माझ्यामुळेच झालंय. कागद आहे माझ्याकडे, त्यावरून काढते.

वडील : कागद ठेव. इकडे ये, हात धर हा. बघ, केवढा झालाय तो. घाबरतेस कशाला? मोडायचा होता तेवढा मोडलाय.

धाकटी : गार आहे, बाबा.

वडील : असतो तो गार. चोळ जरा.

थोरली : चिमे, हात धरून ठेव तसाच, हलू देऊ नकोस. कात्री आणि सुया मी आणते. बाहीची मनगटाकडची पट्टी कापून काढायची, टाके उचलायचे आणि खाली नवी पट्टी विणायची. अर्ध्या तासात होईल.

धाकटी : कुठून कापणार?

थोरली : थांब. बाबा, किती आखूड करू?

वडील : मला विचारतेस?

थोरली : विचारतेय.

वडील : इथपर्यंत. बोटं दिसू देत.